‘कुत्र्यापासून सावध’, आणि मालकापासून?

आमच्या बेळगावात अलीकडे आपल्या समाजाची जी नवी घरं झाली, त्यातल्या बऱ्याच फाटकांवर दोन पाट्या दिसतात. वरच्या पाटीवर अहिंसेचं वचन, सोबत हाताचा पंजा आणि त्यात चक्र. खालच्या पाटीवर लाल अक्षरांत ‘कुत्र्यापासून सावध’, सोबत दात विचकलेलं तोंड. वरची पाटी येणाऱ्याला सांगते, इथं कुणालाही भय नाही. खालची सांगते, भी. दोन्ही पाट्या एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच बिलावर आलेल्या असतात.

पूर्वी ही खालची पाटी नुसती शोभेला असायची. आत एखादा म्हातारा पामेरियन खोकत पडलेला असायचा. आता तसं राहिलेलं नाही. आता आत खरोखरच रुंद छातीचा, आखूड केसांचा, जबड्याची गाठ गालावर दिसणारा कुत्रा असतो. कुणाकडे अंड्यासारख्या डोक्याचा पांढरा बुल टेरियर, कुणाकडे कान कापलेला पिटबुल, कुणाकडे नुसता ‘बुली’. पोरं त्याच्यासोबत फोटो काढतात. वडील पाहुण्यांना सांगतात, "लई डेंजर आहे हं, जवळ जाऊ नका." आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, त्याच्याशी माझं भांडण आहे.

कुत्र्याशी नाही. हे आधीच सांगते, कारण आपल्यात कुत्र्याविषयी लिहिलं की एक गट लगेच म्हणतो, "बघा, आम्ही म्हणतच होतो, श्रावकाच्या घरात कुत्रं कशाला?" त्यांनी जीवंधरकुमारांची कथा आठवावी. यज्ञाचं अन्न विटाळलं म्हणून लोकांनी बडवून अर्धमेला केलेला कुत्रा रस्त्यात पडला होता. जीवंधरांनी त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला आणि तो मरून यक्षदेव झाला, आणि पुढे जन्मभर जीवंधरांच्या उपयोगी पडला. आचार्य समंतभद्रांनी तर श्रावकाचारातच सांगून ठेवलंय की धर्मानं कुत्रा देव होतो आणि पापानं देव कुत्रा होतो. तेव्हा कुत्र्याच्या जिवाला आपल्या शास्त्रात जागा आहे. प्रश्न आपल्या हौसेला जागा आहे का, हा आहे.

आता हा प्राणी आला कुठून ते बघा, कारण विकणारा ते सांगत नाही. तो म्हणतो ‘रॉयल ब्रीड’. कसलं रॉयल! इंग्लंडात बैलाला खांबाला किंवा लोखंडी कडीला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडायचा खेळ कित्येक शतकं चालत होता. कुत्र्यानं बैलाचं नाक धरायचं आणि सोडायचं नाही. बैल त्याला शिंगावर घेऊन भिरकावणार, लोक पैजा लावणार. काही गावांत तर बैल असा छळल्याशिवाय कसायानं मांस विकलं तर दंड होता, कारण छळलेल्या जनावराचं मांस मऊ होतं अशी समजूत. बर्मिंगहॅम शहरात आजही ‘बुल रिंग’ नावाचा बाजार आहे. ते नाव त्या कडीचंच. या कामाला जो कुत्रा वापरत तो बुलडॉग. आजच्यासारखा धापा टाकणारा, चपट्या नाकाचा नव्हे. तेव्हा तो उंच, चपळ होता.

मग 1835 साली तिथल्या संसदेनं हा प्रकार कायद्यानं बंद केला. तो कायदा आणणारे जोसेफ पीझ हे क्वेकर पंथाचे. युद्धाला आणि हिंसेला धर्म म्हणून नकार देणारा तो पंथ आहे, म्हणून मला ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते: परदेशातल्या एका अहिंसावाद्यानं जो खेळ बंद पाडला, त्या खेळासाठी घडवलेलं जनावर आज आपण हौसेनं विकत आणतोय.

खेळ बंद झाला तरी पैजा बंद झाल्या नाहीत. बैल लपवता येत नाही, कुत्रा लपवता येतो. गुत्त्यांच्या मागच्या खोल्यांत, तळघरांत कुत्र्यांच्या झुंजी आणि उंदीर मारायच्या शर्यती चालू राहिल्या. बुलडॉगचा जबडा आणि टेरियरची चपळाई एकत्र हवी म्हणून दोघांचा संकर आधीपासूनच करत होते. ‘बिली’ नावाच्या अशाच एका कुत्र्यानं 1823 साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर पिटात साडेपाच मिनिटांत शंभर उंदीर मारले, आणि ती बातमी लोकांनी कौतुकानं जपून ठेवली. शंभर जीव, साडेपाच मिनिटं. आपण चातुर्मासात पाणी गाळताना ज्या एका जिवासाठी थांबतो त्याचा हिशेब इथं लावून पाहा.

पुढे बर्मिंगहॅमच्याच जेम्स हिंक्स नावाच्या व्यापाऱ्यानं या झुंजीच्या कुत्र्याला सभ्य करायचं मनावर घेतलं. त्यात इंग्लिश व्हाइट टेरियर, डाल्मेशियन अशा जाती मिसळून त्यानं पांढराशुभ्र, देखणा कुत्रा तयार केला आणि 1862 च्या सुमाराला प्रदर्शनात आणला. तोच बुल टेरियर. अंड्यासारखं डोकं तेव्हा नव्हतं. ते विसाव्या शतकात निवड करत करत आणलं. त्रिकोणी बारीक डोळा हीही याचीच खूण. ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर हे कुत्रे आपल्याकडच्या छावण्यांतही आले. किपलिंगची ‘गार्म’ ही गोष्ट इथल्या छावणीतल्या अशाच एका बुल टेरियरची आहे, आणि ती वाचली तर कळतं की मालक दूर गेल्यावर हा कुत्रा कसा खंगत जातो. ते मात्र खरं आहे. या कुत्र्याइतकं माणसाला चिकटणारं जनावर क्वचित. म्हणूनच त्याला एकटं बांधून ठेवणं हा त्याच्यावर सगळ्यात मोठा अन्याय.

नावांचा घोळही एकदा निस्तरते. बुल टेरियर वेगळा. स्टॅफर्डशायर बुल टेरियर वेगळा. तो बुटका, इंग्लंडच्या कोळसा-लोखंडाच्या मुलखातल्या कामगारांचा कुत्रा, त्याला तिथल्या केनेल क्लबनं 1935 साली मान्यता दिली. त्याच रक्ताचे कुत्रे अमेरिकेत गेले, तिथं मोठे झाले. त्यांचीच एक शाखा अमेरिकन स्टॅफर्डशायर आणि दुसरी पिटबुल. ‘पिट’ म्हणजे झुंजीचा खड्डा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आपल्या बाजारात मात्र सगळ्यांना एकच नाव आणि एकच भाव. पिल्लू चाळीस दिवसांचं असताना ते काय होणार हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आता मूळ मुद्द्यावर येते. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्या पाठशाळेत लहान मुलंसुद्धा घडाघडा म्हणतात. तत्त्वार्थसूत्रातले ते पाच म्हणजे बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपेना इतका भार लादणं, आणि खाणंपिणं तोडणं. हे पाचही प्रामुख्यानं पाळीव जनावरांना उद्देशून आहेत. मुंगी वाचवण्याची आपली ख्याती आहे, पण आचार्यांनी गृहस्थाला पहिला दम दिलाय तो दावणीच्या जनावराबद्दल. आणि या पाचांपैकी चार मला आपल्याच बंगल्यांच्या आवारात दिसतात.

छेद घ्या. पिटबुलचे कान जन्मतः कापलेले नसतात हे किती जणींना माहीत आहे? ते मऊ असतात, दुमडून खाली पडतात. पिल्लू दोन-तीन महिन्यांचं असताना ते कात्रीनं कापून, टाके घालून, पट्ट्या बांधून उभे करतात. का? तर झुंजीत समोरच्याच्या तोंडात कान सापडू नये म्हणून. आपला मुलगा झुंज लावतो का? नाही. मग कान कशाला कापले? "रुबाब दिसतो की काकू!" असं मला एका तरुणानं सांगितलं, दशलक्षणाच्या प्रवचनाहून परत येताना. त्या दिवशी उत्तम मार्दवावर प्रवचन होतं.

इंग्लंडात कान कापलेले कुत्रे प्रदर्शनात आणायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच बंदी आली. मग हौशी लोकांनी काय केलं? ज्यांचे कान आपोआप उभे राहतात अशी पिल्लं निवडून वाढवली. म्हणून आजच्या खऱ्या बुल टेरियरचे कान न कापताच ताठ असतात. कात्री न लावताही हौस भागवता येते हे त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं. आपल्याकडे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं जनावराचा अवयव कापून त्याला विद्रूप करणं गुन्हा ठरवलंय, तरी ‘कान करून देतो’ म्हणणारे सर्रास भेटतात, आणि त्यातले कित्येक डॉक्टरही नसतात. भूल नीट नाही, निर्जंतुक काही नाही. छेद या शब्दाला याहून सरळ उदाहरण आचार्यांनाही सुचलं नसतं.

बंध. हा कुत्रा एका जागी राहण्यासाठी घडलेलाच नाही. रोज सकाळ-संध्याकाळ भरपूर चालणं, ओढाओढीचा खेळ, डोक्याला काही काम, आणि माणसाची सोबत हवी. ते मिळालं नाही की बुल टेरियर स्वतःभोवती गरगर फिरायला लागतो, स्वतःचीच शेपटी धरतो, तासन्‌तास. या जातीत हे वेड अंगभूत आहे, आणि कोंडल्यानं ते वाढतं. आमच्या ओळखीच्या एका घरी तो असा फिरायचा आणि घरातले पाहुण्यांना दाखवायचे: "बघा कसा नाचतो!" नाच नव्हे तो. दवाखान्यात दाखवायची गोष्ट आहे.

आणि कोंडतात कधी, तर धर्मासाठीच. मुनी महाराजांचा विहार आपल्या गावी झाला, घरी चौका लावायचा ठरला की कुत्रा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. सोवळं सांभाळायला हवं हे मला मान्य आहे. मी स्वतः चौका लावते. पण चार महिने? पावसाळ्यात पत्र्याखाली, ओल्या फरशीवर, दोन हात साखळीवर? पांढऱ्या बुल टेरियरची कातडी मुळात नाजूक, ॲलर्जीनं लाल होणारी; उन्हात ती भाजते आणि ओलीत ती कुजते. बेळगावचा पाऊस कसा असतो हे मी सांगायला नको. इकडे गोचिडींचा त्रास तर बारमाही, आणि गोचीडतापानं चांगला धडधाकट कुत्रा आठवड्यात आडवा होतो. दाराशी आहारदानाचं पुण्य आणि परसात बंधाचा अतिचार. जमाखर्च ज्याचा त्यानं मांडावा.

वधाबद्दल फार लिहीत नाही. ‘कडक’ करायचा म्हणून काठीनं मारतात, मिरची चारतात, अंधाऱ्या खोलीत ठेवतात. असा कुत्रा कडक होत नाही, भित्रा होतो, आणि भित्रा कुत्राच चावतो. या जातीचा तर आणखी एक प्रश्न आहे. पांढऱ्या बुल टेरियरांत सुमारे पाचात एक कुत्रा एका किंवा दोन्ही कानांनी बहिरा निघतो. ज्या जनुकांनी रंग जातो त्यांनीच आतल्या कानाचं कामही बिघडतं. रंगीत बुल टेरियरांत हे प्रमाण अगदी कमी. म्हणजे ‘सांगून ऐकत नाही’ म्हणून ज्याला मार बसतोय, त्याला कदाचित ऐकूच येत नसेल. परदेशात पिल्लू विकण्याआधी कानाची तपासणी करतात. आपल्याकडे पांढऱ्याचाच भाव जास्त.

अन्नपाननिरोधावर मात्र बोलायलाच हवं, कारण तो आपल्यात कौतुकाचा विषय झालाय. "आमचा शेरू अष्टमी-चतुर्दशीला उपास करतो," असं अभिमानानं सांगणाऱ्या दोघी-तिघी मला माहीत आहेत. बायांनो, तो उपास करत नाही. तुम्ही त्याला जेवायला घालत नाही. उपास म्हणजे आपणहून केलेला त्याग. ज्याच्या पुढ्यातली ताटली तुम्ही उचलली त्याला उपाशी ठेवणं म्हणतात. ‘आमच्याकडे कुत्रासुद्धा रात्री खात नाही’ याला माझी हरकत नाही, सूर्यास्ताआधी त्याला पोटभर घाला, त्याचं काही बिघडत नाही. पण उन्हाळ्यात रात्री पाण्याची ताटलीसुद्धा उचलून ठेवणारी घरं मी पाहिलीत. जनावराला व्रत देता येत नाही. व्रत घेणाऱ्याला त्याचा अर्थ कळावा लागतो.

आणि मांसाचं काय? इथं आपला सगळ्यात मोठा दांभिकपणा आहे. विकणारा सांगतो, "याला चिकन लागतंय, नाहीतर अंग भरत नाही." मग घरात शिजवायचं नाही म्हणून गड्याला पैसे देतात. तो बाहेरून आणतो, कंपाउंडच्या भिंतीबाहेर वेगळ्या भांड्यात घालतो, भांडं बाहेरच धुतो. घरातली म्हातारी माणसं तिकडे बघत नाहीत. झालं, आपण शुद्ध. अहो, कृत, कारित आणि अनुमोदित हे तीन शब्द आपण रोज आलोचना पाठात म्हणतो ना? स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि मान डोलावलेलं, तिन्हींचा बंध सारखा असं आपणच म्हणतो. मग गड्याच्या हातानं आणलेलं चिकन कुणाच्या खात्यावर पडतं? गड्याच्या?

उलट बाजूही तितकीच खरी आहे. ‘आमचा कुत्रा शुद्ध जैन’ म्हणून त्याला नुसता वरणभात, पोळी आणि दूध घालणं हेही पाप आहे. कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसाहारी नाही. नीट आखलेल्या, पुरेशी प्रथिनं आणि क्षार असलेल्या शाकाहारावर तो राहू शकतो, पण तो आहार डॉक्टरांना विचारून ठरवावा लागतो, वर्षातून रक्त तपासावं लागतं. बुल टेरियरच्या घराण्यात मूत्रपिंडाचे आजार चालत येतात, काही पिल्लांना जस्त नीट पचवता न येण्याचा जीवघेणा जन्मजात रोग असतो. अशा जातीच्या आहाराशी अंदाजानं खेळ करायचा नसतो. हे करायची तयारी नसेल तर असं जनावर आणायचंच नाही, एवढं साधं आहे. (एक गंमत सांगते. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी असतात. म्हणजे आपल्या स्वयंपाकघराची ही एकच सवय त्याच्या सोयीची आहे. पण आपल्या घराघरात डबे भरून असतात ते बेदाणेही त्याला विषारीच. त्यानं मूत्रपिंडं निकामी होतात. प्रसादाचा शिरा त्याच्यापुढे टाकताना हे ध्यानात ठेवा.)

पाचांपैकी अतिभार राहिला. कुत्र्याला कुणी गाडीला जुंपत नाही. पण आपल्या घराची इभ्रत, मुलाची मर्दानगी आणि शेजाऱ्याचा धाक, एवढं सगळं त्याच्या पाठीवर लादलंय, तो भार नव्हे का?

आता व्यापाराकडे वळते, कारण हौसेपेक्षा ते जास्त जड आहे. आपल्यातलीच काही तरुण मुलं घरामागे चार-सहा माद्या ठेवून पिल्लं विकायला लागली आहेत. ‘साइड बिझनेस’ म्हणतात. सावकारी, सोनं-चांदी, तंबाखूची वखार हे सगळं करून झालेल्या घरांतली ही मुलं. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा खरकर्मांच्या यादीत असतीपोषण आहे. पैशासाठी कुत्री, मांजरं, कोंबडे अशी जनावरं पोसणं त्यात येतं. ही यादी शेकडो वर्षं जुनी आहे. आपले पूर्वज कुत्रा पाळायच्या विरुद्ध नव्हते, तो पिकवून विकायच्या विरुद्ध होते.

कायदाही गप्प नाही. 2017 च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नसतं. आईपासून आणि भावंडांपासून पिल्लू चावण्याची मर्यादा शिकतं. दात किती जोरात रोवले की दुसरा ओरडतो, हे त्याला त्या आठवड्यांतच कळतं. तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी उचललेलं पिल्लू हे न शिकताच आपल्या घरी येतं, वर कान कापलेलं, वर साखळीला बांधलेलं. मग ते चावलं की आपण म्हणतो, जातच वाईट.

आणि माद्यांचं? पाळीमागून पाळीला व्यालेली, आचळं लोंबणारी, केस गेलेली मादी मी पाहिली आहे. तिची पिल्लं लांबच्या गावांत गेली, फोटो काढले गेले. ती शेडमध्येच होती. बाई म्हणून ते बघताना जे वाटलं ते लिहीत नाही, तुम्हा वाचणाऱ्यांना ते कळेल.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, या जातीवर बंदीच घाला. त्यांचा राग मला समजतो. 2022 साली लखनौत एका पिटबुलनं घरातल्याच ऐंशी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिकेचा जीव घेतला. 2024 च्या ऑगस्टमध्ये आपल्या शेजारी, गोव्यात हणजुण्याला, सात वर्षांचा मुलगा असाच गेला. त्या आईपुढे उभं राहून ‘कुत्र्याचा दोष नाही’ असं म्हणायची माझी छाती नाही. पण बंदीनं काय होतं तेही पाहायला हवं. इंग्लंडनं 1991 साली पिटबुलवर बंदी घातली. मग त्याच रक्तातून आणखी मोठा ‘एक्सएल बुली’ निघाला, त्यावर 2023 च्या शेवटी पुन्हा नवी बंदी घालावी लागली. नाव बदललं, ग्राहक तोच. आपल्याकडे केंद्र सरकारनं मार्च 2024 मध्ये 23 जातींच्या आयात-पैदाशी-विक्रीवर बंदी घालायचं पत्र राज्यांना पाठवलं. त्यात नुसतं ‘टेरियर’ असंही लिहिलेलं होतं, म्हणजे मांडीवर मावणारी पिल्लंसुद्धा हिंस्र! महिन्याभरातच आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, कारण संबंधितांना विचारलंच नव्हतं. या सगळ्यात जी गोष्ट कुणी बोललं नाही ती ही: परवाना मालकाचा तपासा. त्याचं घर बघा, साखळी बघा, कुत्र्याचे कान बघा. चावला तर भरपाई त्याच्या खिशातून घ्या.

अशा बंद्यांच्या बातम्या आल्या की आणखी एक प्रकार होतो. रात्री गाडीत घालून कुत्रा नेतात आणि हमरस्त्याच्या कडेला सोडून येतात, नाहीतर पांजरपोळाच्या दारात बांधून पळतात. पांजरपोळ ही आपली शेकडो वर्षांची पुण्याई. पण तिथं भाकड गाई, लंगडी वासरं, म्हातारे बैल असतात. ज्या जातीला बैलाचं नाक धरायला घडवलं तो कुत्रा गोठ्यात सोडायचा, आणि वर पाचशेची पावती फाडून दान केलं म्हणायचं!

खरी गोष्ट ही की या सगळ्या व्यवहारात घरातल्या बाईला कुणी विचारत नाही. हौस मुलाची, पैसे वडिलांचे, आणि निस्तरणं आईचं किंवा सुनेचं. मुलगा शिकायला पुण्याला नाहीतर बंगळुरूला जातो. वडील दुकानात. मागे राहतो तो तीस किलोचा कुत्रा, जो दहा-बारा वर्षं जगणार आहे, आणि त्याला फिरवायला पंचावन्न वर्षांची, गुडघे दुखणारी बाई. त्यानं एक हिसका दिला की ती पडते. माझ्या ओळखीत एकीचं मनगट मोडलं. "अक्का, नको म्हणायचं नाही का पहिल्याच दिवशी?" असं मी विचारलं तर म्हणाली, "माझं ऐकतंय कोण? पिल्लू आल्यावरच मला कळलं." भांडी घासायला येणाऱ्या बाईची तर आणखी वेगळी कथा. तिला त्याच आवारातून रोज दोनदा जावं लागतं, लहान पोर कडेवर घेऊन. तिच्यासाठी ती पाटी वाचून परत जायची सोय नसते.

म्हणून मी म्हणते, घरात पिल्लू यायच्या आधी नाही म्हणा, आणि मोठ्यानं म्हणा. मंडळाच्या बैठकीत म्हणा. पर्युषणात व्रतं घ्यायला उभे राहतो तेव्हा हरी भाजी सोडणाऱ्यांच्या रांगेत एखाद्यानं ‘कान कापलेलं जनावर विकत आणणार नाही’ हे व्रत घ्यावं, महाराजांना ते नक्कीच आवडेल. कुत्र्याचीच माया असेल तर गल्लीत दर पावसाळ्यात पिल्लं भिजत पडलेली असतात. आपल्या मातीतलं, आपल्या हवेला टिकणारं पिल्लू घरी आणा. त्याला वंशावळीचा कागद नसतो, एवढंच.

आणि ज्यांच्या घरी आधीच आलाय त्यांनी तो कुठंही सोडायचा नाही. आता तो तुमचा. साखळी काढा, आवाराची भिंत उंच करा, फाटकाला आतून कडी घाला. बाहेर नेताना रुंद पट्टा आणि तोंडाला जाळी. त्यात कमीपणा नाही. लहान मुलाजवळ, दुसऱ्या कुत्र्याजवळ एकटा ठेवायचा नाही, तो कितीही गुणी असला तरी. नर असो वा मादी, शस्त्रक्रिया करून घ्या, म्हणजे साइड बिझनेसचा मोहच उरणार नाही. रेबीजची लस दरवर्षी. पांढरा असेल तर एकदा त्याच्या पाठीमागे ताट वाजवून बघा. वळला नाही तर हाताच्या खुणा शिकवा, बहिरे कुत्रे खुणा फार लवकर शिकतात. पायांनी जमीन हादरवून मगच त्याच्याजवळ जा, झोपेत एकदम हात लावू नका. सहा महिन्यांनी लघवी तपासून घ्या. दुपारच्या उन्हात नको, पण सकाळी सहाला फिरवायचं, आणि फिरवायचं ते ज्यानं आणला त्यानं. तो पुण्यात असेल तर त्यानं यावं, नाहीतर त्याला तिकडे घेऊन जावं. चौका लागला तर कुत्रा शेडमध्ये नाही, एखाद्या खोलीत पंख्याखाली ठेवावा, पाण्याची ताटली भरून, आणि घरातल्या कुणा एकानं त्या दिवशी पडगाहनाला उभं न राहता त्याच्यापाशी बसावं.